पूजेतला मास्क

सायलीच्या आईच्या, मोहिनीबाईंच्या पत्राला वाल्मीककाकांनी अजून उत्तर दिलं नव्हतं. येवल्याहून, वहीच्या पानावर लिहिलेलं पत्र. सोबत उत्तरासाठी तिकीट लावलेलं पाकीट, त्यावर शेजारणीचा पत्ता. 'सायली कॅचर झाली म्हणते. चेंडू थेट तोंडावर येतो म्हणे. तोंडावर घालायला तिला काही देता का, एवढंच कळवा. फोन यांच्याजवळ असतो. पोरीला लागल्याचं यांच्या कानावर गेलं, तर दुसऱ्या दिवशी वसतिगृहातून घरी आणतील.'

'नाही' लिहावं, तर आईच घाबरून पोरीला नेणार. 'हो' लिहावं, तर ते खोटं. उभा जन्म शाळेच्या ग्रंथालयात हळू आवाजात बोलण्यात गेलेला माणूस. निवृत्त झाल्यावरही किल्ल्या सांभाळायला येत होता. पाकीट सदऱ्याच्या खिशात चुरगळत राहिलं.

मग परवा देणगीतून सॉफ्टबॉलचा नवा संच आला. मास्कसुद्धा. पूजा केल्याशिवाय वापरायचा नाही, असं संतोष सरांनी ठरवलं. आणि आज खंडेनवमीला टेबलावर बॅटी, हेल्मेटं, मास्क मांडून, हळदकुंकू वाहून, झेंडूच्या माळा घालून झाल्यावर सर म्हणाले, "काका, कुलूप लावा. उद्या पूजा उतरेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. संध्याकाळी संस्थेचे अध्यक्ष बघायला येणारेत. सराव जुन्या बॅटीवर."

सायली दारातच अडून राहिली. "सर, मास्क?"

"इतके दिवस होता का? आजचा एक दिवस तशीच बस. दसरा झाला की लगेच निवड चाचणी आहे, सराव बुडवून चालणार नाही. तुला जमत नसेल तर आफिया बसेल."

"मी नाही बाई," आफिया मागून म्हणाली. "एकच नाक आहे मला."

मुली हसल्या. सायलीही हसली.

कुलूप लावताना काका पुटपुटले, "नाही म्हण ना सरांना."

"नाही म्हटलं तर टीममधून जाईन, काका. लागलं तर शाळेतून." तिनं ग्लोव्ह हातात चढवला. "बसते मी."

काका क्रीडाखोलीच्या पायरीवर बसले. मुठीत किल्ली. मागे खिडकीच्या गजांतून उदबत्तीचा वास येत होता. समोर सायली बॅटरच्या पाठीमागे उकिडवी बसली होती, मास्कविना. चेंडू टाकणाऱ्या वेदिकाचा हात गरकन फिरायचा, चेंडू सुटायचा, आणि दर चेंडूला काकांचेच डोळे मिटायचे.

एका चेंडूला बॅटची निसटती कड लागली. चेंडू दिशा बदलून सायलीच्या कानाला घासत गेला आणि मागच्या तारेच्या जाळीवर खणकन आदळला.

सायलीनं कानाच्या पाळीला हात लावला, बोट पाहिलं, ते पटकन पँटला पुसलं. मग सरांकडे न बघता तिनं पायरीकडे बघितलं आणि मान हलवली. घरी कळवू नका.

"सर, मी जरा हळू टाकू?" वेदिकानं विचारलं.

"चाचणीत टाकणारेस का हळू? चला, पुढचा बॉल!"

सायली पुन्हा बसली.

काका उठले. त्यांनी कुलूप काढलं. आत समई शांत तेवत होती. येवल्यात आज पैठणीचा मागही असाच फुलांत असेल, मोहिनीबाईंचे हात रिकामे असतील, असं त्यांना वाटून गेलं. त्यांनी मास्क उचलला. माळ तुटली, झेंडू टेबलावरून जमिनीवर घरंगळले.

इतक्या वर्षांत काका मैदानाच्या मध्ये कधी गेले नव्हते. चपला फटफट वाजवत ते थेट सायलीपर्यंत गेले.

"काका!" सर ओरडले. "पूजेतला उचललात?"

"उचलला."

"अहो, अध्यक्षांना काय सांगू मी?"

"माझं नाव सांगा." आवाज नेहमीइतकाच हळू होता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

त्यांनी सायलीच्या डोक्यामागे पट्टा आवळला. मास्कच्या जाळीवर ओलं कुंकू होतं. ते तिच्या नाकाला लागलं. एक पाकळी जाळीत अडकली होती, ती काढायला कुणी थांबलं नाही. सायली खाली बसली, ग्लोव्ह पुढे धरला. वेदिकानं हात फिरवला. या वेळी काकांनी डोळे मिटले नाहीत.

सराव संपायच्या आधीच ते फाटकाबाहेर पडले. टपालपेटीवर कागद ठेवून त्यांनी 'हो' लिहिलं. थोडा वेळ त्या एका अक्षराकडे बघत राहिले. मग पुढे लिहिलं, 'आजपासून.' कागद पाकिटात घातला, पाकिटावरची सुरकुती अंगठ्यानं सपाट केली आणि ते पेटीत टाकलं.