जोडीतला मोजा

नवराबायको दोघंही सॉफ्टवेअर कंपन्यांत होती आणि घरूनच काम करत. खोलीच्या दाराला लाल मोजा अडकवलेला असला की आत मीटिंग आहे असं समजायचं. तेवढा वेळ आई मिक्सर लावत नसे. आज मुलाच्या दाराला मोजा असूनही तिने मिक्सर सुरू केला. तो तणतणत बाहेर आला. “आई, मीटिंग चालू आहे!” “कशावर? बूट परत पाठवायचेत म्हणून दिलेलं खोकं मीच कुरिअरवाल्याच्या हातात दिलं. बूट एवढे जड असतात होय रे?” त्याने आवाज खाली आणला. “कंपनीनं लॅपटॉप परत मागवला. तेजीत घेतलेली माणसं काढली. हिला सांगू नकोस. आता घर हिच्याच पगारावर आहे.” आईने सुनेच्या बंद दाराकडे पाहिलं. जोडीतला दुसरा मोजा तिथे लटकत होता. “तीही हेच म्हणाली. तिच्या खोक्यात इस्त्री होती म्हणे.”