गालावरचं परदाज

"हात घसरतो तेव्हा नेमकं काय होतं, बापू?" सुगनाने विचारलं.

प्रभुलालला असला प्रश्न म्हणजे पर्वणी. त्याने लेकीच्या हातातला कुंचला घेतला, रंगात जरा जास्तच बुडवला आणि घोटलेल्या कागदावर टेकवला. ठिपका फुगला.

"हे एक. खारीचा केस पोटभर प्यायला की ऐकत नाही. दुसरं, मनगट उचललंस की रेघेला शेपूट फुटतं. आणि तिसरं म्हणजे श्वास. कोंडून धरलास तर थोडे ठिपके झकास पडतात, मग एखादा दगा देतो."

"करून दाखवा."

त्याने दाखवलं. मग तिने करून पाहिलं. सगळ्या चुका तिने एकेक करून काढल्या, पुसल्या, पुन्हा काढल्या. चूक कशी होते ते कळलं की ती टळते, असं प्रभुलालचं मत होतं, आणि नाथद्वाऱ्याच्या चित्रकारांच्या गल्लीत त्याच्या मताला कोणी आडवं जात नसे. बायको सोडून.

"पोरीचे डोळे फोडणार आहात का," कंकूने पुदिन्याचा चहा पुढे ठेवला. "महिनाभर हेच चाललंय. एवढं करून हात दाखवून अवलक्षण नको व्हायला."

"तू चूल सांभाळ."

"चूलच सांभाळतेय. तिच्यावर कोणी बक्षीस देत नाही म्हणून बोलते."

रविवारी उदयपूरचं स्थळ येणार होतं. त्या घरात मुलीला चालून दाखव, गाऊन दाखव असलं काही नसे. घरून आणलेला एक चेहरा पुढे ठेवत, नुसत्या रेघांचा, गाल कोरा. चहा येऊन कप परत जाईपर्यंत मुलीने त्या गालावर परदाज चढवायचं. परदाज म्हणजे ठिपक्याला लागून ठिपका टाकत सावली अशी उतरवत न्यायची, की गाल गोल दिसावा आणि ठिपका कुठेच दिसू नये. हात पसंत तर मुलगी पसंत.

प्रभुलालला मुलगा नव्हता. पाच पिढ्यांचं परदाज त्याच्यापाशी येऊन थांबलं होतं, आणि त्याच्यामागे ते फक्त सुगनाच्या बोटांत होतं. कारकुनाच्या घरी दिली तर ती बोटं जन्मभर बाट्या वळतील, या विचाराने त्याला खरंच रडू येई. दोन चांगली स्थळं त्याने याच पायी परतवली होती. उदयपूरच्या घरात लहानमोठी बारा माणसं दिवसभर रंगात हात घालून बसत. तिथे तिचा हात जगला असता.

रविवारी तिघं आली. मुलगा लोकेंद्र, त्याचे वडील गिरधारीजी आणि आजी केसरबाई. केसरबाई ऐंशीची होती. गळ्यात काळ्या दोऱ्याने भिंग अडकवलेलं.

"आमच्या चित्रांतली सगळी मुखं आईच्या हातची," गिरधारीजी ऐसपैस बसत म्हणाले. "पंचेचाळीस वर्षं. बाबांना दिल्लीचं मोठं बक्षीस मिळालं ते आईच्याच परदाजावर."

सुगनाने मान वर केली. "मग चित्रावर नाव?"

"नाव बाबांचं. आता माझं. उद्या याचं." त्यांनी मुलाच्या पाठीवर थाप मारली. "बायकांचं नाव चित्रावर कोणी लिहितं का, बेटा?"

सगळे हसले. प्रभुलालही हसला. रीतच होती ती. त्याच्या स्वतःच्या चित्रांतही गेली चार वर्षं गाल सुगनाचे होते आणि सही त्याची. केसरबाई तेवढी पदराने भिंग पुसत राहिली.

चहा आला. सुगना एक गुडघा उभा करून बसली, पाटी त्यावर टेकवली. पहिले ठिपके पाहून प्रभुलालचा जीव भांड्यात पडला. मग हनुवटीपाशी एक फुगला. पुढे आणखी एक. कप रिकामे झाले तोवर त्या गोऱ्या गालावर देवीचे वण उठल्यासारखं दिसत होतं.

"घाबरली ती, मांजी," प्रभुलालचा आवाज चिरकला. "घरी कधी असं होत नाही. श्रीजींची शपथ."

सुगना खाली बघत होती.

केसरबाईने भिंग डोळ्याला लावलं. तिचं नख हनुवटीपासून कानापर्यंत हळूहळू सरकत गेलं. मध्येच थांबे, पुन्हा सरके. गिरधारीजींनी दोनदा घड्याळ पाहिलं. शेवटी तिने कागद खाली ठेवला.

"हात कच्चा आहे. आपल्या घरात चालणार नाही."

"आई, शिकेल की. सहा महिने तुझ्याजवळ बसली तर..."

"कच्चा म्हणजे कच्चा. हा हात सुधारणारा नाही."

हाताच्या बाबतीत तिच्यापुढे त्या घरात कोणी बोलत नसावं, कारण गिरधारीजी लगेच उठले. कोणी तोंडात मारल्यासारखा प्रभुलाल बसून राहिला. तो कागद उचलून बघायचंही त्याला धैर्य झालं नाही. पाच पिढ्या डोळ्यांदेखत बुडाल्या होत्या, आणि त्या आपल्या शिकवण्यानेच बुडाल्या असं त्याला वाटत होतं.

पण पाहुणे ते पाहुणे. तो दारापर्यंत गेला. बापलेक पायऱ्या उतरून जीपकडे गेले. केसरबाईला मोजड्या सापडत नव्हत्या, म्हणून प्रभुलालने वाकून त्या तिच्या पायाशी सरकवल्या. तो वाकलेला असतानाच सुगना पाया पडायला आली.

म्हातारीने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि आवाज खाली आणला.

"घाबरलेला हात वाटेल तिथे चुकतो, पोरी. मोजून दर सातव्या ठिपक्याला नाही चुकत. पुढल्या घरी ध्यानात ठेव."