शनिवारी गाडी एस्बेनला

“असं कुजबुजून नाही,” टॉर्किल्ड म्हणाला. “नीट माग.”

एस्बेन मास्तर अंगणात उभा होता, सायकलचं हेल्मेट काखेत धरून. शनिवार, सकाळचे आठ. वरच्या खिडकीत टॉर्किल्डची बायको व्हिबेके उभी होती. टॉर्किल्डला नेमकं तेच हवं होतं. या एका सकाळसाठी त्यानं दोन वर्षं दात ओठ खात काढली होती.

झालं होतं ते असं. बेटाच्या वार्षिक सभेत हा एस्बेन फळ्यावर आकडे मांडत होता. कोण किती डिझेल जाळतं, कोण किती धूर सोडतं. मांडता मांडता म्हणाला, “एक गाडी चार घरांइतका धूर सोडते. नाव घेत नाही. उभी करायला दोन जागा लागतात, एवढंच सांगतो.” बेटावर एवढा थोराड पिकअप एकच. सभा खदखदून हसली.

लोकांचं हसणं टॉर्किल्डनं एक वेळ गिळलं असतं. पण शेजारी बसलेली व्हिबेके हसली. साधंसुधं नाही, पार डोळ्यांत पाणी येईस्तोवर. घरात ती अशी कधी हसली होती, ते त्याला आठवेना. तिथंच त्यानं मनाशी गाठ मारली. हा मास्तर याच गाडीसाठी माझ्या दारात येईल, आणि व्हिबेके ते डोळ्यांनी बघेल.

गाडी विकणं म्हणजे तर हारच. मग त्यानं उलटी चाल खेळली. गाडी सगळ्या गावासाठी खुली केली! ज्याला लागेल त्यानं न्यावी. छपरावरचा रॅक काढला, मागची लोखंडी पेटी काढली, तेवढंच ओझं कमी. दर सोमवारी चाकांतली हवा तपासू लागला. उगाच बंदरापर्यंत हुंदडणं बंद केलं. गावातल्या यिट्टेनं आपली व्हॅन विकून टाकली, आणखी दोघांनीही जुन्या गाड्या काढून टाकल्या. कशाला हव्यात? टॉर्किल्डची आहे की! स्वतः टॉर्किल्ड पाव आणायला सायकलवरून जायला लागला. लोक म्हणाले, माणूस सुधारला. सुधारतोय कसला, आतून नुसता धुमसत होता.

यादी व्हिबेके सांभाळायची. आपल्या हातमागाजवळची विणकामाची टेप घेऊन तिनं गाडीचा मागचा हौदा आडवा-उभा मोजला आणि मापं यादीवर लिहिली. “लोकांना कळायला नको, काय मावतं ते?” नियमही तिचाच. नाव आणि वेळ लिहायची, कशासाठी ते कुणी विचारायचं नाही. “मागणाऱ्याला आधीच संकोच होतो, टॉर्किल्ड.”

सगळं गाव मागून गेलं. एस्बेन सोडून. तो आपला पुढं खोकं लावलेल्या सायकलवरून बटाटे वाहत राहिला. टॉर्किल्ड रोज यादी बघायचा आणि जेवताना त्याच्या नावानं बोटं मोडायचा. व्हिबेके ऐकून घ्यायची. दोन वर्षं त्या घरात दुसरा विषय नव्हता.

आणि गुरुवारी यादीत नाव लागलं. एस्बेन. शनिवार, दिवसभर. टॉर्किल्डनं उलट निरोप धाडला, चावी हवी तर स्वतः ये.

“मला गाडी हवी आहे,” एस्बेन आता जरा मोठ्यानं म्हणाला. “दहाची बोट धरायचीये.”

“सायकलच्या खोक्यात नाही मावत वाटतं?”

“नाही मावत.”

“एवढं काय अवजड...” टॉर्किल्डनं जीभ चावली. नियम म्हणजे नियम. “बरं, राहू दे. पण एक वाक्य म्हणायचं. ‘टॉर्किल्ड, तुझ्याशिवाय हे जमलं नसतं.’ खिडकीपर्यंत ऐकू जाईल असं.”

एस्बेनच्या कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या. त्यानं वर पाहिलं, मग खाली. “टॉर्किल्ड, तुझ्याशिवाय हे जमलं नसतं.”

“ऐकलंस का गं?” टॉर्किल्ड ओरडला.

“ऐकलं,” वरून व्हिबेके म्हणाली. “शब्द न् शब्द.”

आता मात्र टॉर्किल्डचं मन एकदम मोठं झालं. चावी दिली, वर सांगितलं, “दोर आणि घोंगड्या सीटमागं आहेत. नीट बांधून ने, काही मोडायला नको.” आणि सायकलवर टांग मारून तो पाव आणायला निघाला.

बेकरीत त्यानं व्हिबेकेसाठी खसखशीचे दोन गरम पाव घेतले आणि तिथंच सगळी हकिगत सांगितली. मग यिट्टेकडे कॉफी पीत सांगितली. मग आणखी दोन घरी. दर खेपेला एस्बेनची मान आणखी खाली जात होती. चौथ्या खेपेला तर तो जवळजवळ रडलाच.

बाराच्या सुमाराला टॉर्किल्ड शीळ घालत घराकडे निघाला. पाव केव्हाच गार झाले होते. वाटेत पाले भेटला. हा बंदरावर तिकिटाच्या खिडकीत बसतो आणि दुपारी जेवायला घरी येतो.

“बाबा रे, काय गाडी आहे तुझी!” पाले म्हणाला. “तो अख्खा हातमाग मागं बसला, वर कपड्यांची सहा खोकी. एका खेपेत सगळं!”

“हातमाग?” टॉर्किल्ड म्हणाला. “कुणाचा हातमाग?”

पाले खिसे चाचपत होता. “आणि हे बघ, माझी जरा चूक झाली. आपल्या बेटावर एकेरी तिकीट मागतंय कोण? मी आपलं हातासरशी दोघांनाही जायचं-यायचं फाडून दिलं. एस्बेनला तेच हवं होतं, त्याला गाडी परत आणायचीये.” त्यानं तिकिटाचा अर्धा तुकडा टॉर्किल्डच्या हातात ठेवला. “व्हिबेकेनं मात्र हा परतीचा तुकडा खिडकीतून माघारी सरकवला.”