तीन वजनांचा बॉक्सर

सुरतेतल्या लिंबायतच्या चौकात गजेंद्रच्या सत्काराची गडबड उडाली होती. कापडाच्या लूमवर राबणारा हा खानदेशी बॉक्सर शहाण्णव साली सदुसष्ट किलोच्या गटात जिंकला, पुढच्या साली साडेत्रेसष्टच्या आणि यंदा साठच्या.

"खरा गडी वरच्या वजनात जाऊन मारतो," मगनकाका म्हणाले. "खाली उतरून बारक्यांना बुकलण्यात कसलं आलंय मोठेपण?"

"नाही भो!" विठ्ठलमामा उसळले. "चढायला नुसतं खावं लागतं. उतरायला पोट मारावं लागतं. त्याचं नाव राहील ते याच्यामुळेच!"

नूतन ओवाळणीचं ताट धरून उभी होती. नवऱ्याचा सत्काराचा सदरा तिने कालच उसवून तिसऱ्यांदा आवळून शिवला होता.

"सूनबाई, तूच सांग यांना," मामांनी तिला मध्ये ओढलं. "वजन उतरवायला काय काय खायचं सोडलं त्यानं?"

सगळे तिच्याकडे कौतुकाने बघू लागले. तिने ताटातल्या निरांजनाची वात पुढे सारली.

 

आज सकाळीही गजेंद्र कळण्याच्या सहा भाकऱ्या खाऊन भुकेलाच उठला होता.