मालक थांबतो

पालिकेच्या जमीनवापर विभागातली बाई दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहिली, तेव्हा पाच वाजायला पाच मिनिटं कमी होती. किल्लीवाल्या म्हाताऱ्याने आधी तिच्या चपलांकडे पाहिलं, मग हातातल्या मोबाइलकडे आणि सगळ्यात शेवटी तोंडाकडे.

“काका, आज शेवटचा दिवस,” ती म्हणाली. “राहत्या घरात छोटं दुकान असेल, तर परवान्याची फी पूर्वीच्या पावपट केलीय. इथं मोबाइलवर बोटानं सही केली की झालं. पण साडेपाचला हे आपोआप बंद होतं. उद्यापासून जुनी फी, आणि परवाना नसेल त्याला नोटीस.”

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. म्हातारा कुलपं उघडायचा, किल्ल्या बनवायचा. सून किल्ल्या कापायचं मशीन चालवायची. जुनी फी भरायची म्हणजे खोलीची वर्षाची कमाई गेली. त्यापेक्षा दुकानालाच कुलूप ठोकावं लागेल, हे सुनेला पक्कं ठाऊक होतं. पण घर म्हाताऱ्याच्या नावावर, तेव्हा सहीही त्याचीच.

“कमी करा म्हणून कुणी सांगितलं होतं?” म्हाताऱ्याने विचारलं.

“दुकानदारांनीच अर्ज केले होते.”

“मी नव्हता केला.”

“तरी तुम्हालाही लागू आहे, काका.”

“तेच म्हणतोय. न मागता आलंय.”

गल्ली त्याला डबललॉक म्हणायची ती काही उगाच नाही. पालिकेने फी वाढवली असती, तर दोन शिव्या हासडून त्याने तो विषय संपवला असता. कमी केली म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय.

“आज लिहून घ्यायचं की घरात धंदा करतो, आणि उद्या घरावर कर चढवायचा. कळतं मला.”

“तसं काही नाही. थांबा, वाचून दाखवते.” ती भराभर वाचायला लागली. वाचता वाचता तिने दोनदा घड्याळ पाहिलं.

ते म्हाताऱ्याने हेरलं. चाळीस वर्षांत तो एकच शास्त्र शिकला होता. किल्ली करून मागणारा माणूस खरा मालक आहे की नाही, हे कागदपत्रांवरून कळत नाही. त्याला नुसतं थांबवून ठेवायचं. चोराला घाई असते. मालक थांबतो, बसतो, घासाघीस करतो, गुडघ्यांचं दुखणं सांगतो. या एका कसोटीवर त्याने आजवर दोन चोर पकडून दिले होते, आणि ती गोष्ट गल्लीत कुणाला सांगायची बाकी ठेवली नव्हती.

“तुमच्या घराची किल्ली आहे का जवळ?”

“आहे. का?”

“द्या. दुसरी करून देतो. तोवर विचार करतो.”

बाई बावरली, पण तिने पर्समधून किल्ली काढून दिली. म्हाताऱ्याला खूश ठेवलं तर सहीसाठी बोट लवकर उठेल, असं तिला वाटलं असावं. सुनेने लगबगीने मशीनच्या बटणाकडे हात नेला. मशीनवर किल्ली दोन मिनिटांत होते.

“राहू दे,” म्हातारा म्हणाला. “हातानं करतो.”

सुनेचा हात बटणावरच राहिला.

कानस फिरायला लागली. चार हात मारायचे, फुंकर मारायची, किल्ली उजेडात धरायची.

“बसा की,” म्हाताऱ्याने स्टूल पुढे सरकवलं.

“नको, बरी आहे उभी.”

बसत नाही. म्हाताऱ्याने मनात टिपून ठेवलं.

“काका, पाच वीस झाले. किल्लीचं राहू द्या, आधी सही...”

“सरकारी काम अन् सहा महिने थांब, हे ऐकत म्हातारा झालो. तुम्हालाच बरी अर्ध्या तासाची घाई.”

“घाई तुमच्यासाठीच करतेय हो.”

“आमच्यासाठी,” म्हातारा कानशीला म्हणाला.

सुनेला राहवेना. “मामंजी, साडेपाचला बंद होतं म्हणतायत त्या.”

“म्हणूनच.”

“माझ्यासाठी करा सही.”

“तुझ्यासाठीच तर थांबलोय, पोरी.”

परक्या बाईसमोर सून आणखी काय बोलणार? तिचा जीव नुसता तुटत होता. तिने डबीतल्या कोऱ्या किल्ल्या ओतल्या आणि पुन्हा डबीत भरल्या.

बाई एकदा आत आली, एकदा पायरीवर गेली. शेवटी तिने मोबाइल सरळ म्हाताऱ्याच्या कानशीपुढेच धरला. त्याने तो कोपराने बाजूला सारला. आता तर त्याची खात्रीच झाली होती.

मग तो मोबाइल एकदा थरथरला. बाईने पडद्याकडे पाहिलं आणि तो पर्समध्ये टाकला. सावकाश स्टूल ओढून ती बसली. सकाळपासून ती गल्ल्या तुडवत होती. तिने एका पायातली चप्पल काढली आणि घोटा चोळायला घेतला.

“किती वर्षांचं दुकान?”

“चाळीस.”

“पाय दुखतात हो फिरून फिरून,” ती म्हणाली. “करा आरामात, काका. आता काही घाई नाही.”

कानस थांबली. म्हाताऱ्याने मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलं. अगदी मालक बसतो तशी बसली होती. त्याला इतकं हायसं वाटलं की ते लपवावं हेही सुचलं नाही. दोन्ही किल्ल्या त्याने तिच्या हातावर ठेवल्या.

“पैसे नकोत. माणूस ओळखायला जरा वेळ लागतो, एवढंच.”

सून भिंतीकडे तोंड करून उभी होती. तो तिच्याकडे पाहून हसला. मग त्याने चिंधीला बोट पुसलं, तेल राहायला नको म्हणून पुन्हा एकदा पुसलं आणि बाईपुढे धरलं.

“आणा तो मोबाइल. कुठं करायची सही?”