स्टेपनीतली हवा

"हे चाक काढा बाहेर, मास्तर," नेमत म्हणाली. "कबुतरांना जागा हवी."

वगदी मास्तरांच्या जुन्या गाडीला अख्खी गल्ली भुंगेरा म्हणायची. इंजिन मागे, सामानाची जागा पुढे, आणि त्यातली निम्मी जागा स्टेपनीने अडवलेली. चाकाच्या खळग्यात मास्तरांनी जॅक, पाने, पक्कड असं सगळं फडक्यात गुंडाळून इतकं घट्ट बसवलं होतं, की गाडी खड्ड्यात आदळली तरी हूं की चूं व्हायचं नाही. आज मात्र नेमतच्या हातात भरून शिजवलेल्या कबुतरांचं पातेलं होतं आणि ते काही केल्या मावत नव्हतं.

पातेलं जायचं होतं दमनहूर शहरात, तिच्या बहिणीकडे. तिथे आज एक विधुर औषधविक्रेता नेमतला बघायला येणार होता. तिला न्यायला यायचा होता तो भाचा. त्याने सकाळी फोन करून अंग काढून घेतलं. मग नेहमीप्रमाणे समोरच्या घरात हाक गेली. भाचा नाही, मास्तर आहेत. नळवाला नाही, मास्तर आहेत. मास्तर हो म्हणाले खरे, पण तेव्हापासून त्यांच्या जिवाला चैन नव्हती. जिला विचारायचं धाडस आपल्याला आजवर झालं नाही, तिला आपल्याच गाडीत बसवून दुसऱ्याच्या पुढ्यात नेऊन सोडायचं!

"पातेलं मागच्या सीटवर ठेवू," मास्तर म्हणाले.

"तिथे माझा नवा झगा आहे. त्याला तूप लागलं म्हणजे? चाक राहू द्या घरी. कधी लागलंय का तुम्हाला ते?"

"लागलं नाही म्हणून काय झालं? लागेल तेव्हा?"

कोपऱ्यावरच्या कहवाखान्याचा मालक बय्यूमी हुक्क्यावरचे निखारे सारखे करत हे सगळं ऐकत होता. त्याला राहवेना.

"अहो मदाम, कशाला गळ घालताय? एक स्टेपनी दुसरीला कशी टाकेल?"

कहवाखाना खो खो हसला. पाठीमागे मास्तरांना सगळे याच नावाने ओळखायचे. तोंडावर आज पहिल्यांदा कोणी म्हटलं. नेमत हसली नाही. मास्तरांचे कान लाल झाले.

"नाहीच टाकणार!" ते एकदम कडाडले. "अंधारात पडून असते बिचारी. कुरकुर नाही, मागणं नाही. बाकीची चाकं गाव हिंडतात, ही नुसती वाट बघते. आणि एका पातेल्यासाठी तुम्ही तिला गाडीबाहेर काढताय?"

आपण चाकाबद्दल बोलत नव्हतो हे बोलून झाल्यावर त्यांच्याच ध्यानात आलं. मग ते घाईघाईने फडकं सोडून पाने पुन्हा गुंडाळू लागले, पण त्यातला एकही आता नीट बसेना.

नेमतने पातेलं बय्यूमीच्या टेबलावर ठेवलं, वाकून चाक अंगठ्याने दाबलं. अंगठा आत गेला.

"मास्तर, यात हवा कुठे आहे?"

मास्तरांनीही दाबून पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. या गाडीत काचेवर पाणी उडतं ते स्टेपनीतल्या हवेच्या जोरावर. चाकापुरती हवा राखून ठेवणारा नळीचा वॉल्व्ह केव्हाच झिजलेला, आणि मास्तर सकाळपासून काच धूतच बसले होते.

"काच धुतली," ते पुटपुटले. "हवा तिकडे गेली."

"सगळी? किती वेळा धुतलीत?"

"तुम्ही पुढे बसणार होतात ना."

नेमतने रबरावरून बोट फिरवलं.

"भेगाही पडल्यात. नुसतं ठेवून ठेवून वाळलंय. अधूनमधून रस्त्यावर आणावं लागतं हो त्याला."

"त्याला कोणी विचारलंच नाही. चाकाला काय बोलता येतं?"

"चाकाला नसेल येत. तुम्ही तर वर्गच्या वर्गांना भूगोल शिकवलात."

कहवाखान्यातला फाशांचा खडखडाट थांबला. मास्तरांनी पक्कड छातीशी धरली.

"मला," ते म्हणाले, "तुम्हाला दमनहूरला न्यायचं नाही."

नेमतने पिशवीतून फोन काढला.

"अगं, मी येत नाही," ती बहिणीला म्हणाली. "स्टेपनीत हवा नाही. लांबचा रस्ता, असं कसं निघायचं?" पलीकडून बराच आरडाओरडा झाला. "नको, दुसरी गाडी नको. मला हीच बरी."

तिने पातेलं उचललं आणि जिन्याकडे वळली.

"चाकात हवा भरून घ्या आणि वर या. आई जागी आहे, तिला रीतसर काय ते विचारा. पण लवकर, मास्तर. कबुतरं गार होतील."