चाळीस वाक्प्रचार

चाळिसावा वाक्प्रचार म्हणून झाला आणि भागूबाईने लेकीला, लंकाला, सांगितलं, घागर घे अन् आडावर नंबर लाव.

आडावर कुत्रंसुद्धा नव्हतं. त्या दुष्काळात आडाला पाणी यायचं ते संध्याकाळी, आणि हे भागूबाईला ठाऊक नव्हतं असं थोडंच होतं. लंका रिकामी घागर घेऊन परत आली तेव्हा आई चूल विझवून हातोडा शोधत होती. दोघींना खडी फोडायला जायची वेळ झाली होती. सकाळचा अभ्यास बुडाला तो बुडालाच.

आदल्या दिवशी शेळी सुटली म्हणून उठवलं होतं. त्याच्या आदल्या दिवशी मीठ संपलं होतं. मीठ संपायला त्या घरात होतं तरी काय शिजत! पण चाळीस झाले की आईला काहीतरी सुचायचंच. आणि दुसऱ्या दिवशी म्हणायची, पहिल्यापासून म्हन.

वही मच्छिंद्रची, लंकाच्या मोठ्या भावाची. शेवगावच्या मास्तरांनी इंग्रजीचे शंभर वाक्प्रचार आणि त्यांचे मराठी अर्थ त्यात उतरवून दिले होते. मागच्या वर्षी मॅट्रिकच्या ऐन तोंडावर त्याला विषमज्वर झाला आणि नवव्या दिवशी तो गेला. भागूबाई रडली नाही. बाया गळ्यात पडून रडल्या, ही आपली त्यांच्या खांद्यावरून भिंतीकडे बघत राहिली. जरा रड म्हणून सगळ्यांनी सांगून पाहिलं. वर्ष झालं, ती भाकरी थापते, खडी फोडते, विचारलं तर व्हय म्हणते नाहीतर न्हाई म्हणते.

यंदा मॅट्रिकला लंका होती. राहात्याकडचं एक स्थळ आलं होतं, कॅनॉलच्या पाण्यावरचा बारमाही ऊस असलेलं. पाऊस नसलेल्या वर्षात असं स्थळ म्हणजे देवच पावला. तरी तिच्या बापाने, पुंजारामने, शब्द दिला होता. पास झालीस तर नगरला मास्तरकीच्या शिक्षणाला धाडतो, नापास झालीस तर राहाता. लंकाला राहाता नको होतं. बाकी विषयांची तिला धास्ती नव्हती, इंग्रजीने मात्र तिच्या तोंडचं पाणी पळवलं होतं.

रॉकेल नव्हतं, म्हणून अभ्यास काय तो पहाटे, चुलीच्या उजेडात. आणि मोठ्याने घोकल्याशिवाय तिच्या डोक्यात काही शिरायचं नाही. मच्छिंद्रही तिथेच बसून घोकायचा. त्याचीच चाल तिच्या कानात बसली होती, नंबर लांबवायचा, इंग्रजी घाईत उरकायचं आणि अर्थावर जोर द्यायचा. ‘फ्रॉम हँड टू माउथ, हातावर पोट असणे.’ हे शिकायला इंग्रजी कशाला हवी होती, गावातल्या कुणीही सांगितलं असतं.

परीक्षेला आठ दिवस उरले. चाळीस झाले. भागूबाई म्हणाली, परत पहिल्यापासून म्हन.

लंकाने वही मांडीवर उलटी ठेवली. तिला राग यायला हवा होता, पण रागसुद्धा धड येईना. वर्षभरात त्या घरात सगळंच असं बधिर होऊन गेलं होतं.

“आये, मी नापास व्हावं आसं हाय का तुझ्या मनात? राहात्याला धाडायचं आसंल तर तसं सांग.”

भागूबाई पीठ मळत राहिली. राहात्याचं तिच्या ध्यानातही नव्हतं.

“न्हाई,” ती म्हणाली. “म्हन तू, पहिल्यापासून.”

लंकाने ऐकलं नाही. वही सरळ केली आणि आईच्या तोंडाकडे बघत पुढचा वाक्प्रचार म्हटला, हळू, अक्षर अक्षर लावत. हा तिने मच्छिंद्रच्या तोंडून कधी ऐकलेला नव्हता, त्याचं पाठांतर चाळिसावरच थांबलं होतं. “एकेचाळीस. टू कॉल अ स्पेड अ स्पेड. रोखठोक बोलणे.”

भागूबाईचा हात परातीत थांबला. आत्ताच कुणी बाहेरून घरात आल्यासारखं तिने लेकीकडे पाहिलं. मग बोलली, एका वर्षात बोलली नसेल एवढं.

“चाळीसपातुर मच्छू म्हनतो. एकेचाळीसला तू बोलाय लागतीस.”